जाते मी, तेवढं—

१७ जानेवारी

सगळं बदललं ते आज सकाळी, बांबूच्या वळणावर. ती थांबली. एरवी कधी थांबत नाही. कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाली, "जाते मी. तेवढं—"

पुढचं मी ऐकलंच नाही. "जा की मग! धरून ठेवलंय का तुला कोणी?" असं ओरडून पळत सुटलो. मागे वळून पाहिलं नाही. फाटकाशी पोचलो तेव्हा तोंडात लोखंडाची चव.

आता घरी बसून तळपायाची आग मस्तकात. स्वतःवरच. वाक्य तरी पुरं करू द्यायचं होतंस, गाढवा.

१७ जानेवारी, दुपारी

वहीला खरं सांगायला हरकत नाही. मला तिचं नाव माहीत नाही. काय करते, कुठे राहते, काही माहीत नाही. एवढंच माहीत, की तळ्याकाठच्या झाडीतून जी गोल वाट जाते तिच्यावर सगळी माणसं फाटकातल्या बाणाप्रमाणे उजवीकडून फेरी मारतात, आणि ती एकटी डावीकडून धावते. त्यामुळे एका फेरीत ती मला दोनदा समोरून भेटते. एकदा तळ्याच्या अंगाला, बांबूच्या वळणावर. एकदा पलीकडे, ओढ्यावरच्या मोरीवर.

बांबूपाशी मी दिसलो की ती हात वर करते आणि मोठ्याने म्हणते, "येते हं!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणाली म्हणून. मागे नुसतं बांबूचं बेट. वाटेवर चिटपाखरू नाही. म्हणजे मलाच. येते — म्हणजे गोल फिरून पुन्हा येते, मोरीवर भेटू. मोरीवर मात्र ती काही बोलत नाही. खाली बघून निघून जाते. तिथे माणसं असतात. लाजत असणार.

उन्हाळ्यापासून हे चाललंय. कॉलेज सुटल्यापासून माझ्याशी न चिडता कोणी बोललेला हा एवढाच शब्द. तो रोज मिळायचा. त्यावर दिवस निघायचा.

आणि आज 'जाते'. कोपऱ्यावरून साबण आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतं. लहान पोरालाही कळतं हे. तिला कळत नाही? कळतं. म्हणूनच म्हणाली. जाते म्हणजे कायमची.

१८ जानेवारी

आली नाही.

१९ जानेवारी

आली नाही. शिट्टीला विचारलं. शिट्टी म्हणजे फाटकावरचा रखवालदार. गळ्यात शिट्टी असते, वाजवताना मात्र कोणी पाहिलेला नाही. चष्म्याची एक दांडी तुटलीय, तिथे दोरा बांधून काम भागवतो.

"ती डावीकडची?" म्हणाला. "तिच्याशीच भांडला होतास ना तू, बाणावरून?"

भांडलो होतो. पहिल्याच दिवशी. "बाण दिसत नाही का?" — मी. "दिसतो की. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे," — ती, न थांबता. असा तापलो, असा तापलो, की पुढची अर्धी फेरी तिच्या नावाने बोटं मोडत काढली. आणि मोरी जवळ आली तसं लक्षात आलं, की मी चाल हळू केलीय. ती चुकू नये म्हणून.

नाव नव्हतं, म्हणून मनातल्या मनात तिला 'उलटी' म्हणायचो. उलटी धावते म्हणून. काही दिवसांनी त्याचा दुसरा अर्थ डोक्यात शिरला आणि रस्त्यात एकटाच हसत सुटलो. मग 'डावी' केलं. डावी बरं आहे. हृदय पण तिकडेच असतं. — हे वाक्य कोणी वाचलं तर मी घर सोडेन.

"तुझा चष्मा आमच्या दुकानात घेऊन ये, दांडी बसवून देतो," म्हटलं शिट्टीला. म्हणजे तो कुठे कुठे विचारून ठेवेल.

"येतो कधीतरी," म्हणाला. तोही 'येतो'च म्हणतो.

२२ जानेवारी

तेवढं लक्षात ठेव. तेवढं मनावर घेऊ नकोस. तेवढं माफ कर. तेवढं सांगायचं होतं. तेवढं सोपं नाही रे. तेवढं माझंही तुझ्यावर—

एका शब्दाला किती शेपट्या लावायच्या. धावताना पावलागणिक एक लावतो. उताराला चांगल्या येतात, चढाला वाईट.

ताईला विचारलं, सहज विचारल्यासारखं. कोणी 'तेवढं' म्हणून थांबलं, तर पुढे काय असतं?

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "काम असतं. तेवढं दूध तापव. तेवढी खिडकी लाव. 'तेवढं'च्या पुढे दुसरं काय असणार? हे घे, तेवढ्या या चादरी वर ठेव."

ताईला प्रेमातलं ओ की ठो कळत नाही.

चादरी ठेवल्या.

२५ जानेवारी

दुपारभर दुकानात. बाबांचं चष्म्याचं दुकान — पुढे काच, आरसे, फ्रेमा. मागे पडद्याआड भिंगं घासायचं चक्र, त्याच्यापुढे मी. भिंगाची कड फ्रेमेच्या मापाला घासायची. जरा जास्त दाबलं की टवका उडतो. आज उडाला. गिऱ्हाईक बाहेर बसलेलं. बाबा आत आले, भिंग उजेडात धरलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कॉलेज अर्धं, भिंग अर्धं. एखादी गोष्ट कडेपर्यंत नेशील का रे कधी?"

मी म्हटलं, "जातो मग."

"जा," म्हणाले. "पण हे दुसरं घासून जा."

घासून दिलं. मग निघालो. दार असं आपटलं की आतली पाटी पडली. ज्या पाटीवर अक्षरं लहान लहान होत जातात ती. काचेतून, आरशात बाबा दिसले. खाली वाकून ती उचलत होते.

३० जानेवारी

झाडी निष्पर्ण होत चाललीय. वाटेवर पानं इतकी, की स्वतःची पावलं ऐकू येतात. बांबूच्या वळणावर रोज वेग कमी होतो, आपोआप. बांबू एकमेकांवर आपटतात — टक — तो आवाजसुद्धा हल्ली येत नाही. वारा पडलाय बहुधा. सगळंच पडलंय.

देव वगैरे मी मानत नाही. म्हणून वहीलाच सांगतो. ती एकदा परत येऊ दे. कशानेही होऊ दे, काहीही होऊ दे, पण एकदा येऊ दे. एक वाक्य पुरं करू दे. मग गेली तरी चालेल.

२ फेब्रुवारी

'आली नाही' लिहायचाही कंटाळा आला.

६ फेब्रुवारी

आईशी वाजलं. कारण नेहमीचंच.

कॉलेजातल्या सरांसमोर मी प्रयोगाची फाईल टेबलावर आपटली, त्यांचा चहा त्यांच्याच शर्टावर गेला, आणि "माफी माग, मग वर्गात ये," म्हणाले ते, तर मी दारातून बाहेर पडलो तो अजून बाहेरच आहे. दुसऱ्या वर्षात. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी आई दर पंधरवड्याला ते नव्याने ऐकल्यासारखं विचारते, "पण नक्की झालं काय होतं रे?"

मी बूट घालत होतो. म्हटलं, "जातो."

"जातो म्हणू नये."

"जातो, जातो, जातो."

आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "तुझे आजोबा म्हणाले होते एकदा. घाईत होते, तोंडातून निघून गेलं. नाही आले परत." मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. "जा. मफलर घे."

मफलर घेतला नाही. दार आपटलं. धावताना सगळी फेरी कान गार आणि डोकं गरम. चांगलं कशानेच वाटत नाही हल्ली. रागसुद्धा पूर्वीसारखा येत नाही, नुसती त्याची सवय उरलीय.

१० फेब्रुवारी

आज संध्याकाळी फाटकातला बाण फिरवला. खिळा सैल होता, हाताने फिरला. आता तो डावीकडे दाखवतो.

कशासाठी? माहीत नाही. तिच्यासाठी. तिची दिशा निदान एक दिवस तरी बरोबर ठरू दे.

११ फेब्रुवारी

कोणी काही विचारलं नाही! बाण म्हणाला तिकडे निघाले सगळे. जन्मभर उजवीकडून फिरलेले आजोबा, काठीवाल्या बाई, हातात वजनं घेऊन चालणारे दोघे भाऊ — सगळे गुमान डावीकडून. फक्त जे धुक्यात आधीच आत शिरले होते, त्यांनी बाण पाहिलाच नव्हता. ते सवयीने उजवीकडून. मोरीवर दोन्ही पलटणी समोरासमोर.

"अहो, बाण बघून चला की!"

"बाणच बघून आलोय!"

"कुठला बाण बघितलात?"

काठीवाल्या बाईंनी काठीने हवेत बाण काढून दाखवला, तर एका भावाच्या हातातलं वजन दुसऱ्याच्या पायावर. मी पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी. आणि त्याच भरात मीही त्यांच्याबरोबर डावीकडूनच पुढे गेलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

डावीकडून आलं की बांबूचं बेट आड येत नाही.

बेटाला लागून चार पायऱ्या पाण्याकडे उतरतात. खाली दगडी बाक आहे. उजवीकडून येताना हे काही म्हणजे काही दिसत नाही, बेटामुळे. आणि बेट ओलांडून पुढे आलं की ते सगळं आपल्या पाठीमागे राहतं. डावीकडून मात्र अगदी समोर. बाकावर एक म्हातारे काका बसले होते. पाठ ताठ. पांढरी काठी गुडघ्यांमध्ये धरलेली. तोंड पाण्याकडे, कान वाटेकडे.

ती जिथे हात वर करायची तिथे मी उभा राहिलो. मी जिथे असायचो ती जागा मधे येते. बरोबर मधे. तिच्या आणि बाकाच्या.

ती माझ्याकडे बघून हात करत नव्हती. माझ्या खांद्यावरून करत होती.

फाटकाशी शिट्टी उभाच होता. "बाण तूच फिरवलास."

"कशावरून?"

"एवढा रिकामा दुसरा आहे कोण?"

बाण पुन्हा उजवीकडे केला आणि त्याच्याच हातोडीने खिळा ठोकला. बोटावर एक बसली. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

मोरीवर ती लाजत नव्हती. मोरीवर बाक नव्हता. एवढंच.

१४ फेब्रुवारी

आज पायऱ्या उतरलो. ठरवून गेलो होतो की दोन शब्द सुनवायचे. कुणाला, कशाबद्दल, हे ठरवलं नव्हतं.

"कोण?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"असाच. धावणारा."

"ते कळलं. उजव्या पायाने रस्ता बडवतोस तो." मग म्हणाले, "बस. बराच उशीर केलास."

"कशाला उशीर?"

"लेक म्हणाली होती, त्या मुलाला सांगून जाते. मी म्हटलं विसरली असेल. घाईत होती. का विसरली नव्हती?"

मी बसलो. दगड गार होता.

"काय सांगून जाते म्हणाल्या?"

"अरे, वळणावर आवाज देत जा, एवढंच." काठीच्या टोकाने त्यांनी दगडावर टक केलं. "मी बस चालवायचो. जन्मात कधी वळणावर हॉर्न दिल्याशिवाय गाडी घातली नाही. आता डोळे गेले, पण अजून कोणी आवाज न करता वळणावरून आलं की पाय ब्रेक शोधतो. म्हणून ती दर फेरीला ओरडायची, येते हं! की मी असं — टक. म्हणजे कळलं. आली, गेली, सगळं ठीक. पाण्याचं काय, ते सारखंच वाजतं. त्यावरून सकाळ झाली की नाही तेसुद्धा कळत नाही."

टक. म्हणजे बांबू नव्हते ते.

"कुठे गेल्या?"

"जावयाची बदली झाली ना. मलाही चला म्हणत होती. मी म्हटलं, घरापासून इथपर्यंतचा कठडा माझ्या हाताला पाठ आहे. तिकडचा या वयात नव्याने कुठे पाठ करू?"

जावई. हा शब्द मी नीट ऐकला. या वेळी वाक्य पुरं होईपर्यंत ऐकलं.

मग मी विचारलं, "आणि हात? हात का वर करायच्या?"

"हात करायची?" काकांनी मान वळवली, पण माझ्या जरा बाजूलाच. "कोण जाणे. मला काय दिसतंय?"

१५ फेब्रुवारी

तर ते वाक्य असं होतं. जाते मी. तेवढं बाबांना आवाज देत जा.

ताई बरोबर होती. काम होतं.

उन्हाळ्यापासून जितके 'येते' ऐकले ते सगळे दुसऱ्याचे होते. मी मधे उभा राहून झेलत होतो. एक 'जाते' तेवढा माझा. तोही मी तिच्या तोंडावर फेकला.

१६ फेब्रुवारी

धावलो नाही. उठलोच नाही. आई दोनदा येऊन बघून गेली. दुकानातही गेलो नाही. बाबांनी निरोप पाठवला — आजारी असेल तर राहू दे, रुसला असेल तर ये, रुसून भिंग चांगलं घासतो.

१८ फेब्रुवारी

एवढी माणसं फिरतात तिथे. मलाच का सांगायला थांबली? मी रोज येतो म्हणून? मोठा घसा आहे म्हणून? पहिल्या दिवशी केवढा ओरडलो होतो तिच्यावर! हॉर्न म्हणून निवडला असणार.

पण हात. काकांना दिसत नाही हे तिला माहीत होतं. मग हात कुणाला?

ही एक शेपटी अजून वळवळतेय. ठेचायला हवी. ठेचवत नाही.

२१ फेब्रुवारी

गेलो. उजवीकडून, माझ्याच बाजूने. बांबू जवळ आले. काय ओरडायचं? 'येते' तिचं. मी 'जातो' म्हणणारा. शेवटी तोंडातून निघालं ते "येतो!" — आवाज कावळ्यासारखा. पुढे काठीवाल्या बाई चालत होत्या, त्या म्हणाल्या, "ये की, मग!"

आणि बेटामागून — टक.

पुढच्या फेरीला पुन्हा. टक.

काय सांगू. बरं वाटलं असं नाही. पण वळण आलं आणि वेग कमी झाला नाही.

२४ फेब्रुवारी

फेऱ्या संपल्यावर काकांजवळ बसतो थोडा. ते तिच्याबद्दल बोलतात, मी ऐकतो. लहानपणी बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसून यायची, आणि वळण आलं की हे हॉर्न वाजवायच्या आधीच तोंडाने वाजवायची. प्रवासी हसायचे.

मी विचारलं, धावायला कधी लागली? "बस सुटायची रोज तिची," म्हणाले. "माझीच मुलगी आणि माझीच बस चुकायची. वेळ म्हणजे वेळ, मी थांबायचो नाही." मग काठी या हातातून त्या हातात. "थांबायला हरकत नव्हती, आता वाटतं."

हे ऐकताना मला सुख होतं की त्रास, ठरत नाही. जखमेवरची खपली काढण्यासारखं. काढतो आणि पुन्हा बघतो.

आज म्हणाले, "तुझ्या उजव्या पायाचा आवाज कमी झाला."

बूट झिजले असतील, म्हटलं.

१ मार्च

बाकावर बसलो होतो. काकांचा फोन वाजला. "हो. हो, खाल्लं. इथेच आहे की तो, बाजूला." आणि फोन माझ्यापुढे. "घे, बोल. लेक आहे."

फोन आधी उलटाच कानाला लावला.

"तुम्ही ते — उजवीकडून धावणारे ना?"

"हो."

"त्या दिवशी एकदम रागावून गेलात तुम्ही. मला कळेचना, माझं काय चुकलं. वाटलं, नाही जमायचं तुम्हाला. बाबा सांगत होते, आवाज देताय म्हणून. फार बरं झालं हो. तेवढीच काळजी होती."

तेवढीच.

विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं — हात कुणाला करायच्या? तेवढ्यात तिच्यामागून एक पुरुषी आवाज, झोपेतून नुकता उठलेला. "अगं, माझे मोजे कुठे आहेत?"

"कपाटात, डावीकडे," ती तिकडे म्हणाली. मग इकडे, "बरं, ठेवते हं."

येते नाही. जाते नाही. ठेवते.

काकांनी हात पुढे करून फोन घेतला. "काय म्हणाली?"

"काही नाही. बरं झालं म्हणाली."

३ मार्च

गेलो नाही. मी काय कोणाचा हॉर्न आहे?

४ मार्च

गेलो नाही. मोजे कपाटात डावीकडे. दिवसभर हेच डोक्यात. माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत आणि त्याची बदली होते, त्याच्याबरोबर सगळं जातं.

५ मार्च

आई म्हणाली, "आज पण तळं नाही?"

म्हटलं, तळं कुठे पळून जात नाही.

ताई म्हणाली, "ते धावत नसतं म्हणून." कोणी हसलं नाही. विनोद चांगला होता खरं तर.

उद्या जावं का? उद्याही नाही. परवा बघू. त्यांनाही कळू दे, आवाज फुकट मिळत नसतो.

७ मार्च

सकाळी शिट्टी दुकानात आला, दोरा बांधलेला चष्मा घेऊन. मी स्क्रू काढत होतो. तो म्हणाला, "म्हातारबाबा गेले."

"लेकीकडे? नाही म्हणत होते ना?"

"लेकीकडे नाही रे," म्हणाला. "गेले."

काल पहाटे, झोपेत. परवा फाटकातून बाहेर पडताना त्याला विचारत होते, आपली गाडी दिसत नाही हल्ली, बिघडलीय का? तो म्हणाला, तरणं पोर आहे, येईल.

लेक निघाली आहे. दुपारपर्यंत पोचेल.

ती येते आहे. मीच मागितलं होतं. मागे पान आहे तीस जानेवारीचं, 'कशानेही होऊ दे' म्हणून. आत्ता फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही.

शिट्टीची दांडी बसवून दिली. नीट, कडेपर्यंत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "जा तू."

ती विचारेल, आवाज देत होतात ना? तेवढं विचारेल.

शर्ट बदललाय. बूट घातलेत. आईने आतून विचारलं, "चाललास?" मी म्हटलं, "येतो." हातातलं तसंच टाकून बाहेर आली, माझ्या कपाळाला ओला हात लावून पाहिला. ताप नाही, म्हटलं.

वही ठेवतो. दार ओढून घेतो. आपटत नाही.